भाऊबंदकीचे कागद

घराण्याचा इतिहास शोधू पाहणाऱ्यास इंग्रजी मार्गदर्शक पुस्तके ठरलेला सल्ला देतात : आधी पूर्वजांची मृत्युपत्रे पाहा, मग वंशेतिहासाच्या एखाद्या संस्थेचे सभासद व्हा. इंग्लंडपुरता तो रास्त आहे. तेथे १८५८ पासून न्यायालयात शाबीत झालेल्या मृत्युपत्रांची वर्षवार सूची उपलब्ध आहे आणि लंडनमध्ये वंशेतिहासाची संस्था १९११ पासून उभी आहे. हाच सल्ला घेऊन कोल्हापुरात शोधाला निघालेला माणूस मात्र पहिल्याच पायरीवर थांबतो. कारण त्याच्या पणजोबाने मृत्युपत्र केलेले नसण्याचीच शक्यता अधिक.

याचे कारण आळस किंवा निरक्षरता नव्हे. मिताक्षरा पद्धतीच्या एकत्र कुटुंबात वडिलार्जित मिळकतीतील अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देता येत नसे; १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने ती मुभा दिली. हिंदूंच्या मृत्युपत्रांना न्यायालयीन प्रमाणाची सक्ती आली ती १८७० च्या कायद्याने, आणि आपल्याकडे तीही मुंबई शहरापुरती. कोल्हापूर तर १ मार्च १९४९ पर्यंत संस्थानच होते. मुंबईच्या एखाद्या व्यापाऱ्याचे घराणे उच्च न्यायालयाच्या दप्तरात सापडेल. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या कुणब्याचे तेथे सापडणार नाही.

मग आपल्याकडे काय आहे? माझे उत्तर असे की, आपल्याकडे भांडणे आहेत. मराठी घराण्याचा लिखित इतिहास मरणाच्या निमित्ताने फारसा लिहिला गेला नाही. तो भाऊबंदकीच्या निमित्ताने लिहिला गेला. वाटणीपत्रे, दत्तकपत्रे, महजर आणि विशेषतः करीने हे त्या इतिहासाचे खरे ग्रंथ होत. साहित्याच्या अभ्यासकांनी ते इतिहासवाल्यांच्या भरवशावर सोडून दिले, ही मला आपल्या अभ्यासातील मोठी उणीव वाटते.

करीना म्हणजे वतनाच्या वादात पक्षकाराने दिलेली आपल्या हक्काची हकीकत. मूळ पुरुष कोण, त्याला वतन कसे मिळाले, त्याला पुत्र किती, कोणता दुष्काळात परागंदा झाला, कोण लढाईत पडला, मागे राहिलेल्या भावाने गुमास्ता नेमला की वतनच बळकावले, असे चार-चार पिढ्यांचे कथन एका दमात येते. त्यात काळ पुढेमागे सरकतो, मेलेली माणसे बोलतात, आणि निवेदक प्रत्येक तपशील आपल्या बाजूने वळवतो. अविश्वसनीय निवेदक शिकवण्यासाठी आपण परक्या कादंबऱ्यांची उदाहरणे देतो. ती द्यावीत, पण घरचा इतका अव्वल नमुना बांधून ठेवलेल्या रुमालांत पडून असावा याची खंत वाटते. एकाच वतनाचे दोन करीने शेजारी ठेवून वाचले की दोन सख्ख्या चुलतभावांना एकच आजोबा किती निरनिराळा दिसू शकतो हे कळते. कोणाचा आजोबा खरा, हा प्रश्न गोतसभेपुढचा होता. वाचकापुढचा प्रश्न वेगळा आहे : तो आजोबा असा का रचला गेला?

याच्या उलट टोकाला आपले कुलवृत्तांत आहेत. विसाव्या शतकात अनेक कुलमंडळांनी ते चिकाटीने सिद्ध केले. कार्यकर्त्यांनी पदरमोड करून गावोगाव पत्रे पाठवली, शाखा-उपशाखा जुळवल्या. त्या श्रमांबद्दल आदरच आहे. परंतु या ग्रंथांत बहुधा कोणी कोणाशी भांडत नाही. सारे पूर्वज सदाचारी, सारे स्नेहसंमेलनाला शोभणारे. भाऊबंदकी वगळली की घराण्याचा केवळ आलेख उरतो. शिवाय हा प्रपंच प्रामुख्याने ब्राह्मण आणि तत्सम साक्षर घराण्यांचा राहिला. करवीरच्या पंचक्रोशीतील शेतकरी कुळांची स्मृती सांभाळली ती हेळव्यांनी. दारी येऊन घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची नावे म्हणणारा आणि ती आपल्या वहीत वाढवत नेणारा हेळवी हीच या मुलखाची वारसा-संस्था होती. वर्गणी मात्र धान्याने वसूल होई.

रक्ताच्या वंशवृक्षावर फार विसंबू नये, हे शिकायला तर खुद्द करवीरची गादी पुरे. १८६६, १८७१ आणि १८८४ अशी लागोपाठ तीन दत्तकविधाने तेथे झाली. कागलकर घाटग्यांचे यशवंतराव दत्तक येऊन शाहू छत्रपती झाले. म्हणजे आधुनिक कोल्हापूर ज्याने घडवले तो पुरुष जन्माने नव्हे, विधीने आणि कागदाने त्या वंशात आला. पुढे १९१८ मध्ये त्याच राजाने कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी नेमले, तेव्हा गावाच्या नोंदी लिहिणाऱ्या हाताचाच वंशपरंपरागत हक्क संपला. कागद वाचताना तो कोणी लिहिला हेही पाहावे लागते, ते यासाठी.

कागद म्हणजे सर्वांचा इतिहास, असा दावा मी करणार नाही. महजराच्या तळाशी पाटलाचा नांगर असतो, बलुतेदारांच्या आपापल्या अवजारांच्या निशाण्या असतात. ज्याच्या वतनाचा वाद, त्याच्या सात पिढ्या कागदात येतात. साक्षीला बसलेल्या सुताराची एकच. ज्याच्याजवळ भांडण्याजोगे काही नव्हते त्याच्या घराण्याला करीना नाही.

२०२३ पासून मराठा आरक्षणाच्या निमित्ताने हे दप्तर अचानक सर्वांच्या तोंडी आले. न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, गाव नमुना १४ हे नाव चावडीबाहेरही ऐकू येऊ लागले आणि मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे ती किंमत आली. त्या मागणीच्या न्याय्यतेची चर्चा हे या लेखाचे काम नव्हे. पण वाचनाची ही तऱ्हा मला अस्वस्थ करते. अख्ख्या पानातून एकच शब्द हवा असतो. तो सापडला की पान मिटले. त्या शब्दाच्या आजूबाजूला कोणते मूल किती दिवसांचे होऊन गेले, हे कोणी वाचत नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याने तेच वाचायचे असते. ताराबाईकालीन कागदपत्रांचे खंड संपादणारे डॉ. आप्पासाहेब पवार हे शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. कोल्हापुरातच शासनाचे पुराभिलेखागार आहे. तेव्हा येथील मराठीच्या पदव्युत्तर वर्गात मोडी वैकल्पिक का असावी, आणि एखादा करीना पाठ्यपुस्तकात का नसावा, हे प्रश्न विचारायला हरकत नसावी.

राहिला बायकांचा प्रश्न. वंशावळीत त्या नसतात; हेळव्याच्या म्हणण्यातही पुत्रांचीच मोजदाद अधिक. करीन्यात विधवा येते ती दत्तक घेण्यापुरती. महसुली दप्तरातील वारसनोंदीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये, मुली दिसू लागतात. २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत त्यांचा जन्मसिद्ध हिस्साही मान्य झाला. आणि त्याबरोबर आपल्या गावांतून एक दस्त सर्रास होऊ लागला, हक्कसोडपत्राचा. त्यात बहिणीचे माहेरचे नाव असते, सासरचे असते, वय असते, गाव असते, भावाविषयीच्या प्रेमाचा ठरावीक मायना असतो, खाली तिची सही किंवा अंगठा असतो. कोल्हापूरकडच्या कित्येक घरांत एखाद्या बाईची इतकी सविस्तर नोंद दुसऱ्या कोणत्याच कागदावर नाही. त्यानंतरच्या फेरफाराने तिचे नाव कमी होते.