पदविका की पदवी? आधी मान्यता पाहा!

बारावीचा निकाल लागला की वस्त्यावस्त्यांतील विजेच्या खांबांवर जाहिराती झळकू लागतात : 'सहा महिन्यांत एक्स-रे टेक्निशियन व्हा, नोकरीची हमी!' आमच्या समाजातील आईबाप दागिने गहाण टाकून फी भरतात. मुलाच्या हाती रंगीत प्रमाणपत्र पडते आणि सरकारी भरतीच्या छाननीत ते बाद होते. असे कागद घेऊन येणारे पालक वकिली करताना आम्हास भेटतात. फीसाठी नोटीस पाठवता येते, परंतु वाया गेलेले वर्ष कोणतेही न्यायालय परत देऊ शकत नाही. म्हणूनच प्रवेशापूर्वी चार शब्द सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम एक घोटाळा दूर करू. रेडिओलॉजिस्ट हा डॉक्टर असतो. एमबीबीएसनंतर तीन वर्षांचे एमडी करून तो रिपोर्टवर सही करतो. एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआयचे यंत्र चालवतो तो तंत्रज्ञ. दोन्ही व्यवसाय सन्मानाचे, पण वाटा वेगळ्या. जाहिरातदार हा फरक मुद्दाम पुसतात. कोणी 'सोनोग्राफीही शिकवतो' म्हणाला तर अधिकच सावध व्हावे. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यानुसार सोनोग्राफी नोंदणीकृत केंद्रात पात्र डॉक्टरनेच करायची असते आणि कायदा मोडणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मालक सुटतो, गरिबाचे पोर अडकते!

आता पदविका की पदवी? संसदेने २०२१ मध्ये सहबद्ध आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात रेडिओलॉजी तंत्रज्ञांचा समावेश आहे. सहबद्ध व्यावसायिकाची पदविका वा पदवी किमान दोन वर्षांची आणि २००० तासांची हवी. वरच्या श्रेणीतील आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान तीन वर्षांची, ३६०० तासांची पदवी हवी. सहा महिन्यांचा क्लास यात कुठे बसतो, हे वाचकांनीच ठरवावे.

घरची चूल मुलाच्या कमाईवरच पेटणार असेल तर त्याने मान्यताप्राप्त पदविका खुशाल घ्यावी. त्यात कमीपणा नाही. मात्र बारावी विज्ञानाला बरे गुण असतील, तर केवळ 'लवकर नोकरी' म्हणून पदवीचा मार्ग सोडू नये. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा पदवी अभ्यासक्रम उपलब्ध आहे. पदवीधराला पुढे पदव्युत्तर शिक्षणाचे, अध्यापनाचे दार उघडते. खर्चाचे काय, असे कोणी विचारील. अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या अनुसूचित जातीच्या कुटुंबासाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. मात्र अभ्यासक्रमाला मान्यता नसेल तर हे हक्कही हातचे जातात.

१९४२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात विज्ञान-तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, तसेच सरकारी छापखान्यांत व रेल्वे कारखान्यांत आमच्या मुलांना तांत्रिक शिक्षण द्या, अशीही मागणी केली. हातातील कसब आणि विद्यापीठाची पदवी, दोन्ही त्यांना आपल्या समाजासाठी हवी होती.

तेव्हा पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. संलग्नता कोणत्या विद्यापीठाची वा मंडळाची? प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात? तेथील एक्स-रे यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आहे काय, आणि काम करणाऱ्यांच्या छातीवर किरणे मोजणारा टीएलडी बॅज असतो काय? किरणांना ना वास, ना रंग. बॅजशिवाय राबणाऱ्याला आपल्या देहात किती किरणे गेली हेही कळत नाही. उत्तरे तोंडी नकोत, लेखी घ्या.

विहारांतील कार्यकर्त्यांनी जूनमध्ये एक रविवार यासाठी द्यावा. संलग्नतेचे कागद तपासावेत, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यावेत. रुग्णालयातील झाडू आमच्या हाती आणि यंत्राची कळ दुसऱ्याच्या हाती, ही जुनी वाटणी आमच्या मुलामुलींनी मोडायची आहे. जय भीम!