घसारा पहिल्याचा, खर्च आपला

मुलगा जुनी बीएमडब्ल्यू एम२ घ्यायची म्हणाला, तर लगेच नाही म्हणू नका. हिशेबाची वही काढा. २०१८ मध्ये एम२ कॉम्पिटिशन भारतात आली, तेव्हा शोरूमची किंमत सुमारे ८० लाख होती. पहिल्या मालकाने घसारा सोसला, म्हणून आपल्याला कमी किमतीत मिळते. पण ब्रेक, टायर, सुटे भाग यांना घसारा नाही; ते ८० लाखांच्या गाडीच्याच भावाने येतात. त्यात पुढचे टायर २४५ मिलिमीटरचे, मागचे २६५चे; अदलाबदल करून झीज वाटून घेण्याचीही सोय नाही. माझे मत स्पष्ट आहे: सर्व्हिसची पूर्ण नोंद तपासावी, दोन वर्षांचा विमा-दुरुस्तीचा पैसा आधी बाजूला काढावा. तो निघत नसेल, तर गाडी परवडत नाही.