दिग्दर्शकांनो, एकदा समोर या!

‘गँग्ज ऑफ वासेपूर’मधला रामाधीर सिंग आठवतोय? ते तिग्मांशू धुलिया, ‘पानसिंग तोमर’चे दिग्दर्शक! दोन्ही सिनेमे २०१२चेच. आपल्या नागराज मंजुळेंनीही ‘सैराट’नंतर ‘नाळ’मध्ये बाप साकारला. दिग्दर्शक कोण? ‘सैराट’चेच कॅमेरामन, सुधाकर रेड्डी!

यात कसला आलाय कमीपणा? कॉलेजच्या शॉर्टफिल्ममध्ये मात्र आपल्याला डिरेक्टरच व्हायचं असतं. मीही त्यातलाच. परवा मित्राच्या फिल्ममध्ये एक सीन केला. दहाव्या टेकला कळलं, ‘जरा नॅचरल कर ना’ हे ऐकून समोरच्याला काडीचंही कळत नाही. आणि मी वर्षभर सगळ्यांना तेच सांगत होतो!

म्हणून दोस्तहो, पुढच्या वेळी ‘अॅक्शन’ ओरडण्याआधी एकदा दुसऱ्याचं ‘अॅक्शन’ ऐका. घाम फुटेल, पण शिकाल.