अर्धा तास तुमचा, अर्धा तास आमचा

‘आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन येत नाही’ अशा अर्थाच्या घोषवाक्याने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याने १९९९ पासून दोन दशकं स्वतःची जाहिरात केली. बॉश आणि पोर्शे ज्या श्टुटगार्टमध्ये उभ्या राहिल्या, ते शहर या राज्याची राजधानी आहे. अशा राज्याला आपल्या बोलीची थट्टा परवडते. महाराष्ट्रातल्या मुलामुलींनी मात्र ती जरा गांभीर्याने घ्यायला हवी. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या सरकारने याच राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात परिचारिका, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक अशा दहा हजार जणांना तिकडे पाठवायची योजना जाहीर झाली आणि त्यासाठी जर्मनचे वर्ग घ्यायचं ठरलं.

वर्ग हवेतच. परिचारिकेला तिथे पूर्ण मान्यता मिळवायची तर साधारणपणे जर्मनची बी-टू पातळी गाठावी लागते आणि ती गप्पा मारून गाठता येत नाही. पण वर्गात शिकवतात ती बातम्यांतली जर्मन. श्टुटगार्टजवळच्या वृद्धाश्रमातल्या आजी बोलतात ती श्वेबिश, म्हणजे तिथली बोली. शिवाय त्या मुलखात ‘केरवोखं’ नावाचा प्रकार असतो. एके दिवशी तुमच्या दाराला एक पाटी लटकलेली दिसते. त्याचा अर्थ, या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची. पाटी कोण लावतं, पायऱ्या नुसत्या झाडायच्या की पुसायच्याही, थंडीत दारासमोरचा बर्फ कोणी उपसायचा, हे कोणी समजावून सांगत नाही. चुकलं तर मात्र खालच्या मजल्यावरच्या बाई गुड मॉर्निंग म्हणायचं बंद करतात. हे शिकवायला पुस्तक पुरत नाही, ओळखीचं माणूस लागतं.

आणि माणूसच मिळत नाही, ही परदेशी गेलेल्या मराठी मुलांची खरी अडचण. कचेरीत काम इंग्रजीत. घरी भाडं वाटून घेणारे दोघे-तिघे बहुतेक भारतीयच. शनिवारी भारतीय किराणा, रविवारी आईशी व्हिडिओ कॉल, गणपतीला मंडळ. जर्मन सहकारी पाचला टेबल आवरून ‘शुभ संध्याकाळ’ म्हणतो तो थेट दुसऱ्या दिवशीच भेटतो. ‘ही माणसं घरी बोलवत नाहीत’ ही तक्रार मग वर्षानुवर्षं चालते. तक्रार खोटी नाही, पण आपणही त्यांना क्वचितच बोलावतो.

यावरचा एक उपाय युरोपात साठ वर्षांपूर्वीच सापडलेला आहे. २२ जानेवारी १९६३ रोजी फ्रान्सचे द गॉल आणि पश्चिम जर्मनीचे आडेनावर यांनी एलिझे करारावर सह्या केल्या. दोन महायुद्धांत एकमेकांशी लढलेल्या फ्रेंच आणि जर्मन समाजांतल्या तरुणांना एकत्र आणण्यासाठी त्याच वर्षी दोन्ही सरकारांनी एक संयुक्त युवा संस्था काढली. तिच्या शिबिरांतून साठच्या दशकाच्या अखेरीस एक पद्धत रुजली. एक फ्रेंच आणि एक जर्मन मूल समोरासमोर बसवायचं आणि प्रत्येकाने दुसऱ्याची भाषा दुसऱ्याकडूनच शिकायची. दोघांनी मिळून चालवायच्या सायकलीवरून तिला ‘टँडेम’ म्हणू लागले. आज जर्मनीतल्या बहुतेक विद्यापीठांची भाषा केंद्रं अशा जोड्या जुळवून देतात. सार्वजनिक वाचनालयांत ‘श्प्राख-कॅफे’, म्हणजे भाषेच्या सरावासाठी गप्पांचे अड्डे, भरतात. तिथे फी नसते, परीक्षा नसते.

नियम एकच आणि तो कडक. वेळ निम्मी निम्मी. फोनवर अर्ध्या तासाचा गजर लावायचा, तो वाजला की भाषा बदलायची, वाक्य अर्धवट राहिलं तरी. पहिल्या अर्ध्या तासात नाशिकची मुलगी अडखळत असते आणि समोरचा अभियंता तिच्या वहीत तिची क्रियापदं वाक्याच्या शेवटी ढकलत असतो. गजर वाजतो. आता तो अडखळतो आणि ती हसू दाबते. ‘पुस्तक ते, वही ती, कागद तो, असं का?’ असं त्याने विचारलं की ती गप्प होते, कारण याचं उत्तर मराठी शाळेत कुणीच दिलेलं नसतं. तिने त्याला जर्मन नामांच्या तीन लिंगांबद्दल विचारलं तेव्हा तोही असाच गप्प झालेला असतो. नंतर तो ‘चोर’ पहिल्याच फटक्यात अचूक म्हणतो, कारण त्यातला च त्याच्या भाषेत रोजचा आहे. आणि ‘बाळ’वर मात्र पार आडवा होतो.

मैत्री होते ती या आळीपाळीच्या अडखळण्यातून. स्थलांतरिताला परक्या देशात दिवसभर शिकाऊ म्हणूनच वावरावं लागतं. कचेरी, बँक, दवाखाना, घरमालक सगळीकडे बरोबर असतो तो समोरचा. टँडेमच्या टेबलावर मात्र दिवसातून निदान अर्धा तास तुमचं बरोबर असतं. शिक्षक-विद्यार्थी या नात्यात ही सोय नाही, आणि सहकाऱ्यांत तर नाहीच.

म्हणूनच आपली बहुतेक मुलं या व्यवहारात मराठीऐवजी इंग्रजी देऊ करतात, हे चुकतं. इंग्रजीला गिऱ्हाईक पटकन मिळतं, हे खरं. पण ती दोघांचीही उसनी भाषा. आधीच उत्तम इंग्रजी येणारा जर्मन आणि आधीच इंग्रजीत काम करणारा मराठी दहा मिनिटांत त्याच रुळावर घसरतात आणि तासभर हवापाण्याच्या गप्पा होतात. तुमच्याकडे असं काहीतरी हवं जे त्याला तुमच्याशिवाय मिळणार नाही.

‘मराठी कोण शिकणार?’ हा प्रश्न लगेच येतो. रांग लागणार नाही, कबूल. पण मर्सिडीज-बेंझचा कारखाना चाकणला आहे, बॉशचा नाशिकला, आणि दोन्ही कंपन्यांची मुख्यालयं श्टुटगार्ट परिसरात. तिकडून इकडे माणसं येत-जात असतात. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. कुणाची सून मराठी असते, कुणाला वारी पाहायची असते. एका मुलीला अशी शंभर माणसं नकोत, एकच पुरे.

मराठीसाठी असे कष्ट घेणारी माणसं झालीही आहेत. याच राज्यातल्या हायडेलबर्ग विद्यापीठाचे गुंथर सोंथायमर धनगरांच्या वाड्यांवर जाऊन बसत. बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ चा. तो धनगरांनी म्हटलेल्या ओव्या आणि सांगितलेल्या कथांवर उभा आहे. अमेरिकेतून फलटणला आलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी जाई निंबकर यांच्यासोबत मराठीचं संदर्भ-व्याकरण लिहिलं. एका मराठी घरातली लेखिका आणि एक परकी अभ्यासक, दोघींची नावं एकाच मुखपृष्ठावर. धनगरांना कुणी टँडेमची पद्धत शिकवली नव्हती. पण सांगणारा आणि ऐकणारा दोघंही तासन् तास बसायला तयार असले की काय होतं, ते या पुस्तकांत दिसतं.

टँडेमचं फार कौतुकही नको. अनेक जोड्या तीन-चार भेटींत विरतात. फोनवरच्या भाषा-विनिमयाच्या अ‍ॅपांवर भाषेपेक्षा वेगळ्याच हेतूने आलेले पुष्कळ भेटतात. मुलींनी पहिली भेट वाचनालयातच ठेवावी. व्याकरणाचा पाया नसेल तर टँडेम म्हणजे नुसती करमणूक. जर्मन सरकारच्या समावेशन अभ्यासक्रमात भाषेचे ६०० तास असतात आणि ते तास कुठल्याही मैत्रीने वाचत नाहीत.

पण करार करणाऱ्यांनी भाषा ही निव्वळ प्रमाणपत्राची बाब मानली आहे, ती तेवढीच ठेवू नये. इथल्या वर्गांतच शेवटच्या दोन महिन्यांत प्रत्येकाला तिकडची एक जोडी ऑनलाइन मिळवून देणं अशक्य नाही. भाषा केंद्रं आहेत, भगिनी शहराची कचेरी आहे, खर्चही फारसा नाही. जर्मनीतल्या मराठी मंडळांनीही गणपती-दिवाळीच्या पलीकडे जाऊन महिन्यातली एक संध्याकाळ यासाठी द्यावी आणि त्याचं पत्रक गावच्या वाचनालयात जर्मनमध्ये लावावं. आणि जो कुणी येत्या वर्षी विमानात बसणार आहे, त्याने पहिल्या पगाराची वाट न पाहता पहिल्याच आठवड्यात वाचनालय गाठावं आणि ‘कोणती भाषा देणार?’ या रकान्यात न लाजता मराठी लिहावं.