उत्तर जुळत नाही तेव्हा

गणिताच्या पुस्तकाच्या अखेरीस छापलेल्या उत्तरांपुढे विद्यार्थ्याने निमूटपणे मान तुकवावी, आणि स्वतःचे उत्तर त्यांच्याशी जुळले नाही तर मधल्या दोन पायऱ्या कशाबशा फिरवून छापील आकडा शेवटच्या ओळीत आणून बसवावा, हा जो दस्तूर आमच्या हैदराबादेतील शिकवणी-वर्गांत, आणि खरे बोलायचे तर सर्वत्रच, बिनबोभाट रूढ झाला आहे, तो मला विद्येच्या दृष्टीने अत्यंत घातक वाटतो. अशा रीतीने उत्तर बसवणारा मुलगा गणित शिकत नाही. खोटा हिशेब रुजू करण्याची कला मात्र कोवळ्या वयात आत्मसात करतो.

ज्यांच्या नावाचा आपण महाराष्ट्रीय इतका अभिमान बाळगतो, त्या भास्कराचार्यांचे वर्तन याच्या नेमके उलट होते. 1114 साली जन्मलेल्या या गणितज्ञाने पूर्वसूरी लल्लाच्या ‘शिष्यधीवृद्धिद’ ग्रंथावर आदराने विवरण लिहिले. परंतु गोलाचे पृष्ठफळ काढण्यासाठी वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणावे अशी जी रीत त्याच लल्लाने दिली होती, ती ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायावरील स्वतःच्या वासनाभाष्यात त्यांनी साफ नामंजूर केली. नामंजुरीची त्यांची पद्धत तपशिलाने पाहण्यासारखी आहे. गोलाच्या निम्म्या परिघाइतका व्यास असलेले एक वर्तुळाकार वस्त्र घ्यावे आणि ते गोलावर पांघरावे. अर्धा गोल त्याने पुरता झाकला जातो, आणि वर कडेला चुण्या पडून कापड उरतेच. ‘लीलावती’तील उदाहरणात व्यास 7 आहे, तोच येथे घेऊ. परिघ 22, मधल्या वर्तुळाचे क्षेत्रफळ साडेअडतीस. वस्त्राचा व्यास 11, म्हणून त्याचे क्षेत्रफळ सुमारे 95, म्हणजे त्या वर्तुळाच्या अडीचपटीच्या आतच. अर्ध्या गोलाचे पृष्ठफळ जर 95 हून कमी, तर संपूर्ण गोलाचे 190 हून कमी असलेच पाहिजे. लल्लाच्या रीतीने मात्र ते 847 येते! परिघाला व्यासाने गुणावे ही भास्कराचार्यांची रीत 154 देते, आणि आजही तेच उत्तर ग्राह्य आहे.

ग्रंथकार थोर आहे की सामान्य, या प्रश्नाचा येथे संबंधच आला नाही. कापडाच्या एका तुकड्याने ताळा पाहिला गेला आणि निकाल लागला. खुद्द ‘लीलावती’लाही हाच न्याय लागू आहे. तीत शून्याने गुणून अखेरीस शून्यानेच भागावयाचे एक उदाहरण असून त्याचे उत्तर 14 दिले आहे. शून्याने भागाकार न मानणारा आजचा विद्यार्थी ते उदाहरणच अमान्य करील, आणि त्यात आचार्यांचा यत्किंचितही अवमान होणार नाही.

पुस्तकाशी मतभेद झाला असता बहुतेक वेळा चूक विद्यार्थ्याचीच निघते, हे मला मान्य आहे. तथापि ती कोणत्या पायरीवर झाली हे ज्याने स्वतः शोधून काढले, त्याच्या पदरी पडलेले ज्ञान कोणत्याही गाईडातून मिळणारे नव्हे. आणि कधीकधी तर विद्यार्थ्याच्या असमाधानातून शास्त्रच पुढे सरकते. कलकत्ता विद्यापीठात 1940 नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत तरुण संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव हे अनंत नमुन्यांपुरता सिद्ध असलेला एक सिद्धान्त वर्गात शिकवीत असता, मर्यादित नमुन्यांच्या बाबतीत त्याचे काय, असा सवाल एका विद्यार्थ्याने केला. तो विद्यार्थी म्हणजे पुढे पुण्याच्या गोखले संस्थेत अर्थशास्त्रज्ञ म्हणून विख्यात झालेले वि. म. दांडेकर. रावांनी तो प्रश्न उडवून लावला नाही. त्या रात्री ते स्वतः मांडणी करीत बसले, आणि 1945 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातील तो निष्कर्ष आज क्रामर-राव असमता म्हणून जगभर शिकवला जातो. त्याच रावांच्या नावाची गणितसंस्था येथे हैदराबाद विद्यापीठाच्या आवारात उभी आहे, आणि तिच्या परिसरातील रस्त्यालाही त्यांचेच नाव आहे.

या शहरातील हजारो मुले ज्या जेईई मेनची तयारी करतात, तिच्या उत्तरसूचीवर हरकत घ्यावयाची झाल्यास दर प्रश्नामागे 200 रुपये भरावे लागतात. परीक्षा घेणाऱ्यांना फोल हरकतींचा उपद्रव होत असेल, हे समजते. पण ज्याची हरकत खरी ठरली त्याचा पैसा परत मिळालाच पाहिजे, कारण त्याने चूक दाखवून सर्वांवर उपकारच केलेला असतो.

परीक्षेच्या कितीतरी आधी, शाळेतच, याची सवय लागणे इष्ट आहे. विवेकवर्धिनीसारख्या, शतकाहून अधिक काळ येथे विद्यादान करीत आलेल्या संस्थांतील गणित-शिक्षकांना माझी विनंती आहे, की प्रत्येक वर्गात एक वही ठेवावी. ज्याचे उत्तर पुस्तकाशी जुळले नाही त्याने आपल्या सर्व पायऱ्या आणि ताळा तीत लिहावा, शिक्षकांनी त्याची शहानिशा करून खाली सही करावी, आणि जेथे पुस्तकच चुकले असेल तेथे शुद्धिपत्रासाठी पाठ्यपुस्तक खात्याकडे त्या विद्यार्थ्याच्या नावानिशी अर्ज धाडावा. येत्या जूनपासूनच हे सुरू व्हावे.