पुन्हा शस्त्रक्रिया करायची का?

स्पायना बायफिडामुळे तान्हेपणीच पाठीची शस्त्रक्रिया झालेले मूल उंच होऊ लागते आणि चालताना अडखळू लागते, कपड्यांत लघवी होते. 'मज्जारज्जू चिकटला आहे, पुन्हा शस्त्रक्रिया करू,' असे डॉक्टर म्हणताच आईवडिलांच्या पोटात गोळा येतो.

केवळ एमआरआयवर निर्णय घेऊ नका. अशा बहुतेक मुलांत मज्जारज्जू चिकटलेलाच दिसतो. चाल, पायांतील ताकद, पाठदुखी, लघवीवरचा ताबा यांतला बदल तारखेसह वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. डोक्यात पाणी साठू नये म्हणून शंट बसवला असेल, तर आधी तो तपासून घ्या.

शस्त्रक्रियेने पुढची हानी बहुधा थांबते. गेलेली ताकद परत येईलच असे नाही. म्हणून घाई नको, पण चालढकलही नको.