भस्माला भाराची जोड हवी



वाढत्या वयातील मुलाचे हाडांचे दुखणे समोर आले की आपला हात प्रवाळ अथवा कुक्कुटाण्डत्वक् भस्माकडे जातो. मीही अनेक वर्षे हेच करीत आलो. अकोल्यात सकाळपासून रात्रीपर्यंत शिकवणी वर्गात बसणाऱ्या एका मुलाला मी चार महिने भस्म दिले. तो दिवसभरात किती चालतो-खेळतो, हे मात्र एकदाही विचारले नाही. ही चूक मला उमगली ती एका अंतराळप्रयोगाच्या वाचनातून.

१९७५ च्या नोव्हेंबरात सोव्हिएत संघाने कॉसमॉस ७८२ या उपग्रहातून वाढत्या वयाचे उंदीर साडेएकोणीस दिवस अंतराळात ठेवले. एमिली मोरे व डेव्हिड बेलिंक या अमेरिकी संशोधकांनी त्यांच्या हाडांविषयीचे निष्कर्ष १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. उंदरांना आहार मिळत होता. तरीही पृथ्वीवरील उंदरांच्या तुलनेत त्यांच्या हाडांवर नवा थर पुष्कळच कमी चढला. वाढ खुंटल्याची रेषाही हाडांत दिसली. झीज मात्र लक्षणीय वाढली नव्हती. अर्थात, साठा लुटला गेला नाही, भरणाच थांबला. पृथ्वीवर परतल्यावर २६ दिवसांच्या अवधीत अस्थिनिर्मितीने पुन्हा वेग घेतला.

उंदरावरून बालकाचे निदान करू नये, हे मान्य. परंतु अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडातील खनिजेही महिन्याला सुमारे १ टक्का घटतात. हाडावर भार पडला नाही तर केवळ पोषणाने भागत नाही, हाच याचा बोध.

व्यायामाने वात वाढतो आणि वातवृद्धीने अस्थिक्षय होतो, असा आक्षेप कोणी घेईल. आश्रयाश्रयी भावाचा हा नियम खराच. पण तो अतिव्यायामाला लागू पडतो. म्हणूनच शास्त्राने अर्धशक्ती व्यायाम सांगितला आहे. अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे आहे. अशा वऱ्हाडात मुलांना मैदानाची आठवण वैद्याने करून द्यावी लागावी, ही खेदाची गोष्ट आहे.

मात्रा व अनुपान लिहितो त्याच चिठ्ठीवर आपण धावणे, दोरीवरच्या उड्या, कोवळे ऊन हेही लिहावे. दुखणे एकाच जागी टिकून राहिले, सूज वा ताप असला, तर तपासणीस विलंब करू नये. औषधविक्रेत्यांनीही डबी देताना ‘मूल खेळते का?’ एवढे अवश्य विचारावे. त्याने विक्री थोडी घटेल, विश्वास मात्र वाढेल. इत्यलम्.